पिल्लू द्यायचं तर बारमाही घरात

भाद्रपदात गावातल्या कुत्र्यांची धावपळ सुरू झाली की मी दुकानातल्या कॅलेंडरवर पुढचे दोन महिने मोजून खूण करते. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात बंदरावरच्या जाळ्यांच्या ढिगाआड, मांगरातल्या (शेतातल्या खोपटातल्या) पेंढ्यात, बंद घरांच्या पडव्यांत पिल्लं दिसायला लागतात. पौषात ती दोन महिन्यांची होतात आणि नेमका तेव्हाच आंब्याच्या कलमांना मोहोर आलेला असतो, बागांना राखणीला कुत्रे हवे असतात.

त्यामुळे आमच्या देवगड तालुक्यात पिल्लाला मागणी नसते असं नाही. जानेवारीत लोक दुकानात येऊन विचारून जातात. अवघड असतं ते आगोटीचं, म्हणजे पाऊस तोंडावर येतो तेव्हाचं. आंब्याची शेवटची पेटी गेली, बागेतले गडी आपापल्या मुलखाला गेले, की राखणीचा कुत्रा उपाशीपोटी रस्त्यावर येतो. ती मादी असली तर पुढच्या भाद्रपदात तेच चक्र पुन्हा. दुसऱ्या बाजूला अर्धी घरं मुंबईकरांची, गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद. म्हणून मी पिल्लू काही दिवसांसाठी घरी आणते तेव्हा पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात ठेवते: ते जिथे जाईल तिथे बाराही महिने चूल पेटती हवी. बाकी सगळी मेहनत त्यासाठी.

उचलण्याआधी

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी आहेत असं धरू नका. मासळीच्या लिलावाच्या वेळी आई जेटीवर गेलेली असते, खाऊन परत येते. लांब उभं राहून दोन-तीन तास बघा. पिल्लं एकमेकांना चिकटून शांत झोपलेली आणि पोटं भरलेली असतील तर आई आहे. अशा वेळी पिल्लांना हात लावायचा नाही, आईला रोज भात आणि मासे घालायचे. आठ आठवडे ती आईजवळ राहिली पाहिजेत. दुधाबरोबरच चावण्याची मर्यादाही ती आई आणि भावंडांकडून शिकतात. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे खेळताना जोरात चावतं आणि तेवढ्याच कारणासाठी लोक ते परत आणून देतात.

मोठ्या, धडधाकट कुत्र्यालाही दया येते म्हणून घरात आणू नका. वाडीत सगळे त्याला ओळखत असतील, कोणी ना कोणी तुकडा घालत असेल, तर त्याचं घर तेच. पशू जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे अशा कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याला उचललं त्याच जागी सोडायचं असतं. कानाला खाच दिसली तर ते काम झालेलं आहे असं समजा. आपली जागा आणि आपला वेळ थोडा असतो. तो आई मेलेल्या पिल्लांना, गाडीखाली येऊन जखमी झालेल्यांना आणि मालकाने सोडून दिलेल्या, रस्त्यावर जगायची सवय नसलेल्या घरच्या कुत्र्यांना द्यावा.

आणायचंच ठरलं तर वय ओळखा. डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात. डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर ते पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा. गाईचं नुसतं दूध जुलाब लावतं. कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर औषधाच्या दुकानातून किंवा डॉक्टरांकडून मागवून घ्या. पाजताना पिल्लू पोटावर असलं पाहिजे. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसायचं, त्याशिवाय इतक्या लहान पिल्लांना लघवी होत नाही. रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठावं लागतं. घरात दुसरं कोणी मदतीला नसेल तर अशी पिल्लं घेऊ नका, ज्याला जमेल त्याच्याकडे पोचवा.

जागा

माझ्याकडे मागची पडवी आहे, सिमेंटची जमीन आणि अर्धी भिंत. सिमेंट मुद्दाम सांगते. शेणाने सारवलेल्या खळ्यात (अंगणात) किंवा पेंढ्यात नवीन पिल्लू ठेवू नका. पार्वो नावाचा विषाणूजन्य रोग पिल्लांना होतो, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. सिमेंट किंवा लादी असली तर एक भाग पातळ ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं ठेवून ती जागा शुद्ध करता येते. आधी घाण साबणाने धुऊन काढायची, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही. शेणमातीत तर अजिबातच नाही. अंथरायला जुनं लुगडं किंवा सुती चादर, जी उकळून धुता येईल.

नवीन आलेलं पिल्लू पहिले चौदा दिवस आपल्या कुत्र्यांपासून वेगळं. भांडी वेगळी, त्याच्याकडे जायच्या चपला वेगळ्या. खाणं सोडलं, उलट्या झाल्या आणि घाण वास येणारे रक्ताचे जुलाब लागले तर पार्वो असण्याचा संभव मोठा. उद्या बघू म्हणून थांबू नका. त्याच दिवशी सलाइन सुरू झालं तर पुष्कळ पिल्लं वाचतात.

रात्री दार लावलेलंच हवं. आमच्या भागात बिबट्या कुत्र्यासाठी अंगणात येतो. बांधलेल्या पिल्लाला तर पळताही येत नाही. दिवसा चिऱ्यांच्या ढिगाऱ्याकडे आणि पाल्यापाचोळ्याकडे लक्ष ठेवा. फुरसं आणि घोणस हे विषारी साप तिथेच असतात आणि पिल्लू नाक खुपसल्याशिवाय राहत नाही. तोंड किंवा पाय अचानक सुजला तर काही बांधत, कापत बसू नका. पिल्लाला उचलून थेट दवाखाना गाठा.

डॉक्टर आणि लसी

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गुरांचा म्हणून ओळखला जातो, पण कुत्र्यालाही तिथेच न्यायचं. पहिल्या भेटीत वजन, ताप आणि हिरड्यांचा रंग बघून घ्या. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ताप नव्हे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर बहुधा पोटात जंत असतात किंवा गोचिडींनी रक्त प्यायलेलं असतं. जंताचं औषध वजनावर ठरतं. लहान पिल्लांना ते दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. बोटांनी चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही. केस गेलेलं, खरूज झालेलं पिल्लू पाहून लोक जळकं तेल चोपडतात. ते चाटून पिल्लू मरू शकतं. गुरांना देतात तेच इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचणंही तितकंच धोक्याचं. डॉक्टरांचं औषध वेळेवर पडलं तर चार-सहा आठवड्यांत केस परत येतात.

पार्वो आणि डिस्टेंपर या दोन रोगांच्या एकत्रित लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. एक डोस देऊन थांबलं तर संरक्षण अर्धवट राहतं. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि मग डॉक्टर सांगतील तशी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आपल्याकडे टाळू नका. पावसात शेतातल्या चिखलातून आणि उंदरांच्या मुतातून तो रोग कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसाला. पडवी धुताना हातात मोजे घाला, पायाला जखम असेल तर अनवाणी जाऊ नका. लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, नव्या घरी ते पिल्लाबरोबर जाणार आहे.

रेबीजबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे त्यात अजून फार चुका होतात. पिल्लाचा दात लागला, नख ओरबाडलं, लाळ जखमेवर पडली, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना, मिरची, झाडपाला काही लावायचं नाही. कातडीत देण्याच्या पद्धतीत लस पहिल्या दिवशी आणि मग, तो दिवस शून्य धरून, तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिद्रव्याचं इंजेक्शन) टोचावं लागतं. पिल्लू लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, रेबीज पिल्लांनाही होतो. जो कोणी हे काम नेहमी करणार आहे त्याने डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. नंतर कुत्रं चावलं तर सीरम लागत नाही, पण लसीचे दोन डोस तरीही घ्यावे लागतात.

आणि एक. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, पाणी गिळता येत नाहीये असं दिसलं की आपल्याकडे पहिला विचार येतो, घशात माशाचा काटा अडकला असेल. लोक तोंडात हात घालून बघतात. असं कधीही करू नका. रेबीजची लक्षणंही हीच आहेत. दार बंद करा, मुलांना लांब ठेवा, डॉक्टरांना बोलवा.

खाणं

मऊ शिजवलेली उकड्या तांदळाची पेज, त्यात उकडलेला, काटे काढलेला मासा किंवा कोंबडीचं मांस, आठवड्यातून काही वेळा अंडं. एवढ्यावर पिल्लं छान अंग धरतात. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. नुसता भात घालू नका, त्याने पोट सुटतं आणि अंग धरत नाही. बांगड्याची डोकी फुकट मिळतात ती चालतात, पण उकडून कुस्करून, हाताने काटे चाचपून. खारवलेल्या सुक्या माशांत मीठ फार असतं, ते नको. उरलेलं सार किंवा मटणाचा रस्सा नको, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे विषच. आंब्याच्या दिवसांत बाठा (कोय) पिल्लाच्या तोंडाला लागू देऊ नका. तो आतड्यात अडकला तर पोट फाडूनच काढावा लागतो.

घरासाठी तयार करणं

तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू जे पाहतं त्याला ते पुढे घाबरत नाही. म्हणून या दिवसांत मी त्याला रोज काहीतरी नवीन दाखवते: मिक्सरचा आवाज, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे शेजारचे आबा, एसटीचा हॉर्न. लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन, जमिनीवर न सोडता. कोंबड्यांच्या मागे धावणारं पिल्लू गावात टिकत नाही, हे लक्षात ठेवा. पट्टा लावून कोंबड्यांच्या जवळ बसवायचं आणि शांत राहिलं की लगेच तोंडात मासळीचा तुकडा द्यायचा. गुरांसमोरही तसंच. खाऊन झाल्यावर आणि झोपून उठल्यावर लगेच बाहेर न्यायचं, तिथे लघवी केली की शाबासकी. घरात केली तर गुपचूप पुसायचं. नाक घासणं, मारणं याने ते फक्त लपून करायला शिकतं.

पंजे, कान, तोंड रोज हाताळा. पुढे डॉक्टरांकडे आणि मुलांच्या हातात त्याचा उपयोग होतो. आणि त्याचा स्वभाव लिहून ठेवा. कोणतं भित्रं, कोणतं धीट, कोणाला माणूस लागतो, कोण एकटं रमतं. घर जुळवताना तेच कामाला येतं.

घर शोधणं

फोटो सकाळच्या उन्हात, खळ्यात, पिल्लाच्या उंचीवर बसून काढा. एक तोंडाचा, एक पूर्ण अंगाचा, एक कोणाच्या तरी शेजारचा, म्हणजे आकार कळतो. खाली खरं ते लिहा: वय, नर की मादी, कोणत्या लसी झाल्या, आई केवढी होती, कोंबड्यांशी कसं वागतं. वाचवा, नाहीतर मरेल, असं लिहिलं की दयेने हात पुढे येतात आणि दया महिनाभरात ओसरते. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर, दुधाच्या डेअरीत, डॉक्टरांच्या दवाखान्यात सांगा. पिल्लाचे पैसे घेऊ नका. पुढच्या लसींचा खर्च मात्र नव्या माणसाने करायचा, हे आधीच ठरवा.

मग येतात ते मागणारे. आमच्याकडचं नेहमीचं वाक्य असं: "गे बाय, माका बागेत बांधूक एक झील होयो. चेडू नको." म्हणजे नर द्या, मादी नको, आणि बागेत बांधायचा आहे. मी नाही म्हणत नाही, विचारते. मृग लागल्यावर बागेत कोण असतं? तेव्हा हा कुठे असेल? रात्री उघड्यावर की आत? दिवसभर साखळीला की मोकळा? सीझन संपल्यावर तो तुमच्या खळ्यात येणार असेल, घरची माणसं त्याला ओळखत असतील, तर बागायतदाराचं घर उत्तम. तिथे भरपूर जागा असते आणि मे महिन्यात माणसांची वर्दळही. फक्त बागेपुरता हवा असेल तर मी देत नाही, माणूस ओळखीचा असला तरी. माझं दुकान असल्यामुळे कोणाच्या घरी कधी किराणा जातो आणि कधी कुलूप असतं हे मला सहज कळतं. तुम्ही दूधवाल्याला विचारा, पोस्टमनला विचारा.

मादीला नकार देणाऱ्यांशी वाद घालू नका. नसबंदी झाली की पिल्लं होत नाहीत, भाद्रपदात दारात कुत्र्यांची रांग लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. साधारण सहा महिन्यांची झाल्यावर शस्त्रक्रिया करता येते, आणि पहिल्या माजाआधी केली तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो. जवळच्या दवाखान्यात ती होत नसेल तर तारीख, गाडी आणि नंतरच्या दहा-बारा दिवसांची देखभाल मी बोलून ठेवते. एवढं हाताशी असलं की बरेच जण मादी न्यायला तयार होतात.

चाकरमान्यांचं निराळं. गणपतीत आणि मे महिन्यात मुलं पिल्लाच्या प्रेमात पडतात आणि निघायच्या आदल्या रात्री आई-बाबा विचारायला येतात. मुलांचं प्रेम खरं असतं, तरी त्या दिवशी पिल्लू देऊ नका. त्यांना मुंबईला जाऊ द्या, शाळा-ऑफिस सुरू होऊ द्या आणि मग फोन करा. दिवसा घरात कोण असेल, भाड्याच्या घराचा मालक काय म्हणतो, गावी येताना तो बरोबर येईल का, हे तेव्हा शांतपणे बोलता येतं. सोसायटी कुत्रा ठेवू देत नाही असं ते म्हणाले तर सांगा: भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही. मुंबईत महापालिकेचा परवाना मात्र काढावा लागतो.

जे घर पक्कं वाटतं तिथे एकदा स्वतः जाऊन या. गडगा (दगडी कुंपण) किती उंच, बेडा (फाटक) लागतो का, विहिरीला कठडा आहे का, आधीचा कुत्रा होता तर त्याचं काय झालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईशी बोला. पेज तीच घालणार असते, तिला नको असेल तर ते घर नको.

देताना

एका कागदावर साधं लिहून दोघांनी सही करायची: नसबंदी अमुक महिन्यात होईल, दिवसभर साखळीला राहणार नाही, सांभाळणं जमलं नाही तर दुसऱ्या कोणाला न देता माझ्याकडे परत येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली आहे. हेही मी त्यांना सांगते.

पिल्लू सकाळी द्या, म्हणजे नव्या जागेची ओळख उजेडात होते. बरोबर त्याचं झोपायचं फडकं न धुता द्या आणि नेहमीचं खाणं चार दिवसांचं लिहून द्या. गाडीने जायचं असेल तर निघण्याआधी तीन-चार तास खायला घालू नका, महामार्गाला लागेपर्यंतच्या वळणांत ते ओकतं. रेल्वेने न्यायचं तर सहसा फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (बंद खोली) घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. एवढ्या लहान जिवाला रात्रभर त्या पेटीत पाठवायला मी कधीच हो म्हणत नाही.

पहिल्या तीन दिवसांत ते कमी खाईल, रडेल, कोपऱ्यात बसेल. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतात. तिसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने फोन, लसीच्या तारखेला फोन, नसबंदीच्या महिन्यात फोन. आणि आगोटीला सगळ्या घरांना एकेक फोन, कारण कुत्रे सुटतात ते तेव्हाच.

कोणी परत आणून दिलं तर रागावू नका. आपण भांडलो की ती गोष्ट गावभर होते आणि पुढचा माणूस आपल्या दारात न येता रात्री गाडीतून बंदरावर सोडून जातो. चहा द्या, काय झालं ते विचारा, लिहून घ्या. दोन आठवडे पुन्हा वेगळं ठेवा, जंताचं औषध द्या, लसीचं कार्ड तपासा. मग नवे फोटो काढा आणि नव्या मजकुरात परत येण्याचं कारणही लिहा: "कोंबड्या असलेल्या घरी नको", "दिवसभर एकटं राहत नाही". असं लिहिलेलं वाचून जो फोन करतो, त्याच्याशी पहिल्यापासून नीट बोलणं होतं.